कऱ्हा, नीरा व भीमा यांच्या तीरांवरील पांथस्थांची सोय

सह्याद्रींत उगम पावणाऱ्या भीमा व नीरा या दोन नद्या इंदापूर तालुक्याच्या टोकास नीरा-नरसिंहपूर येथें एकत्र येतात. पुरंदराच्या डोंगराळ मुलखांतून येणारी कऱ्हा त्यापूर्वींच बारामतीवरून वाहत जाऊन नीरेस मिळालेली असते. या पाण्याच्या आधारानें घाटमाथ्याकडून पंढरपुराकडे जाणारे यात्रेकरू, व्यापारी, कासीद व बैरागी पिढ्यान् पिढ्या चालत आले. त्यांस रात्रीं टेकावयास जागा कोठें मिळे, अन्न कोण देई, व तो खर्च कोणाच्या नांवें पडे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दांचा निवाडा केला पाहिजे. धर्मशाळा म्हणजे केवळ निवारा : भिंत, छप्पर, चूल मांडण्यापुरती जागा आणि जवळ पाणी. सदावर्त म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा नित्य देण्याची व्यवस्था. अन्नछत्रांत मात्र शिजलेलें अन्न मिळे. हा भेद वरवरचा नव्हे. शिधा घेणारा आपल्या हातानें रांधून खाई, म्हणून तेथें पंक्तीचा प्रश्न उद्भवत नसे. अन्नछत्रांत तो पहिल्याच पानावर उभा राही. यास्तव एखाद्या कागदांत धर्मशाळेचा उल्लेख आढळला, एवढ्यावरून तेथें अन्नदान होत होतें असें अनुमान काढणें युक्त नाहीं.

जेथें धर्मशाळा नव्हती तेथें देवळाच्या ओवऱ्या व गांवची चावडी हींच पांथस्थांचीं घरें होत. अतीत-अभ्यागतांचा खर्च गांवखर्चांत पडे, म्हणजे अखेर तो रयतेच्याच माथीं बसे. सरकारी माणसाच्या सरबराईंत तर बलुतेदारांसहि राबावें लागे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथांत फिरस्त्यांच्या या भाराचें सविस्तर विवेचन केलें आहे. तेव्हां जुनें आतिथ्य हें सर्वस्वीं स्वेच्छेचें होतें, असें मानतां येत नाहीं.

याहून निराळा प्रकार आश्रयाचा. बारामतीचे सावकार बाबूजी नाईक जोशी यांचे बंधु आबाजी नाईक हे बाजीराव पेशव्यांच्या भगिनी भिऊबाई यांचे पति होत. मूळचे पन्हाळ्याचे कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) याच नाईकांच्या आश्रयानें बारामतीस राहिले. येथें पाहुणा एका रात्रीचा नसून जन्माचा होता. असा खर्च गांवखर्चांत शोधूं नये. तो घराण्याच्या खासगी जमाखर्चांतच सांपडावयाचा.

नरसिंहपुराची रीत पुनः वेगळी. तेथील लक्ष्मीनृसिंह अनेक घराण्यांचें कुलदैवत असून देवालयाशीं विंचूरकर घराण्याचें नांव निगडित आहे. क्षेत्राच्या ठिकाणीं यजमान उपाध्यायाच्या घरीं उतरे व उपाध्याय त्याचें नांव, गांव व कुळी वहींत नोंदवी. या वह्या म्हणजे एका अर्थीं आतिथ्याचींच दप्तरें होत.

तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनीं १६८५ च्या सुमारास सुरू केलेल्या पालखीसोहळ्यांत ही परंपरा आजहि चालती आहे. पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी व इंदापूर असे मुक्काम करीत सराटीस येते. तेथें पादुकांस नीरास्नान घडतें आणि मग ती नदी ओलांडून अकलुजाकडे जाते. वाटेवरील गांवें वारकऱ्यांस जेवूं घालतात, त्यास कोणाची सनद लागत नाहीं.

मात्र या दाराच्या बाहेर कोण राहिलें, हेंहि पाहिलें पाहिजे. अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंस देऊळ व पंगत हीं दोन्ही बंद होतीं. पंढरपुरास गाडगे महाराजांनीं त्यांच्याकरितां चोखामेळा धर्मशाळा बांधली. विठ्ठलमंदिराचें दार मात्र साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ सालीं उघडलें. दात्यांच्या सनदांत या वगळलेल्या लोकांचा उल्लेख शोधून सांपडेलच असें नाहीं. मौन हाहि येथें पुरावाच समजावा.

१९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें व भीमेकांठचीं अनेक गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवचें प्राचीन देवालय पाणी ओसरलें म्हणजे पुनः दिसूं लागतें. पण उठून गेलेल्या घरांतून विखुरलेले कागद असे आपण होऊन वर येणार नाहींत. संग्राहक सनदा व मोडी पत्रें आवडीनें जपतात, आणि शिध्याच्या यादी, किराणा-जमाखर्च व उपाध्यायांच्या वह्या रद्दी म्हणून बाजूस सारतात. वस्तुतः राजानें काय दिलें हें सनद सांगते. भुकेल्याच्या हातीं काय पडलें हें ती यादीच सांगते. या दोन तालुक्यांत ज्यांच्या माळ्यावर अशीं बाडें असतील, त्यांनीं तीं टाकून न देतां निदान त्यांची नोंद तरी करून ठेवावी.