धक्का नव्हे, मर्यादा

23 जुलै 1923 रोजी म्युनिक विद्यापीठात वेर्नर हायझेनबर्ग डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेला बसले. प्रायोगिक भौतिकीचे प्राध्यापक विल्हेल्म वीन यांनी विचारले, सूक्ष्मदर्शकाची विभेदन क्षमता कशावर ठरते? 21 वर्षांच्या हायझेनबर्गना उत्तर देता आले नाही. पदवी मिळाली, पण तिसऱ्या श्रेणीत.

फेब्रुवारी 1927 मध्ये, कोपनहेगनला, सूक्ष्मदर्शकाने त्यांना पुन्हा गाठले. त्यांचे ज्येष्ठ सहकारी नील्स बोर स्कीइंगसाठी नॉर्वेला गेले होते. त्या काळात हायझेनबर्गनी भौतिकशास्त्रज्ञ मित्र पाउली यांना 14 पानी पत्र लिहून नवा विचार कळवला. इलेक्ट्रॉनची जागा नेमकी कळायला आखूड तरंगलांबीचा गॅमा किरण हवा, आणि तरंगलांबी जितकी आखूड तितका इलेक्ट्रॉनला बसणारा धक्का मोठा. बोर परतले आणि त्यांनी यातली उणीव दाखवली. नुसत्या धक्क्याने काही अडत नाही, तो नेमका ठाऊक असता तर हिशेबातून वजा करता आला असता. पण भिंगाचे तोंड रुंद असल्यामुळे किरण कोणत्या दिशेने आत आला हेच कळत नाही. वीन यांच्या प्रश्नाचे मर्मही भिंगाच्या याच रुंदीत होते! हायझेनबर्गनी छपाईला गेलेल्या लेखाला पुरवणी जोडली.

लोकांच्या मनात मात्र धक्काच ठसला. ‘पाहिले की बिघडते’ हे हायझेनबर्ग यांच्या अनिश्चितता तत्त्वाचे प्रचलित रूप मला दिशाभूल करणारे वाटते. 1927 मध्येच भौतिकशास्त्रज्ञ अर्ल केनर्ड यांनी सिद्ध केलेल्या असमतेत ना उपकरण आहे, ना निरीक्षक. स्थान आणि संवेग यांच्या विखुरलेपणाचा गुणाकार प्लांकच्या स्थिरांकाला 4π ने भागून येणाऱ्या संख्येखाली जातच नाही. आवाजाचेही असेच असते: टाळी कधी वाजली हे नेमके सांगता येते, तिचा स्वर सांगता येत नाही. तानपुऱ्याचा षड्ज ओळखू येतो, कारण तार काही काळ झंकारत राहते. यात कानाचा दोष नाही. तरंगाचा स्वभावच तसा, आणि इलेक्ट्रॉनही तरंगासारखा वागतो. त्याला अणूएवढ्या, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाएवढ्या जागेत कोंडले, की त्याच्या वेगात सेकंदाला किमान 580 किलोमीटरच्या आसपास अनिश्चितता येतेच. तो केंद्रकावर कोसळत नाही, तो यामुळे. साध्या दाबाखाली द्रव हेलियम कितीही थंड केले तरी गोठत नाही, तेही यामुळेच.

गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांना ही मर्यादा रोज भेटते. चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान फरक टिपायचा, तर प्रकाशाची स्वतःची अनिश्चितता आड येते. म्हणून 2019 पासूनच्या निरीक्षणांत तिथे ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश वापरतात. त्यात कलेतली अनिश्चितता घटवतात आणि आयामातली वाढू देतात. गुणाकाराची मर्यादा कुठेही मोडत नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाला एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे. मराठवाड्यातली आजची शाळकरी मुले उद्या तिथे काम करू शकतील. त्यांच्या शिक्षकांना विनंती आहे की हे तत्त्व शिकवताना सुरुवात तरंगापासून करा, सूक्ष्मदर्शक नंतर आणा.