पंखात सामावलेली टाकी

मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेल्या सहा आसनी विमानाची चाचणी-उड्डाणे २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून झाली, ही खान्देशाच्या विमानविद्येतील अभिमानाची नोंद आहे.

अशा स्वनिर्मित विमानांपैकी धातूच्या विमानांत स्पार नावाची लांब तुळई पंखाचा मुख्य भार पेलते, तिला काटकोनात जोडलेल्या फासळ्या पंखाला आकार देतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा रिव्हेटांनी बसवला जातो. याच पोकळीत पुष्कळदा इंधनाची टाकी सामावते, आणि त्यामागे जागेच्या बचतीपेक्षा मोठे कारण आहे: शंभर लीटर विमानी पेट्रोलचे वजन सुमारे ७२ किलो, म्हणजे एका माणसाएवढे भरते, आणि ते उचल निर्माण करणाऱ्या पंखातच राहिल्याने पंखाच्या मुळाशी येणारा वाकवणारा ताण कमी होतो.

कसोटी लागते ती सांध्यांची. प्रत्येक रिव्हेटचे छिद्र गळतीची संभाव्य जागा असल्याने तेथे इंधनाने न विरघळणारे सीलंट भरतात, नंतर टाकीत अगदी हलका हवेचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडा दिसला की काम पुन्हा करावे लागते, आणि येथे घाई अक्षम्य ठरते. टाकीला बाहेरची हवा आत घेणारी नळी नसेल, तर इंधन उपसले जाताना आत निर्वात निर्माण होऊन इंजिनाचा पुरवठा खुंटतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते. म्हणून सर्वांत खालच्या बिंदूला निचऱ्याची झडप ठेवतात आणि उड्डाणापूर्वी तेथून थोडे इंधन काढून तपासतात.