क्रूझवरचे जेवण आणि हिंगाची डबी

सीलिअ‍ॅक विकार असलेल्या मुलाला घेऊन आपण क्रूझवर निघालात, तर पोळी-पाव टाळणे आपणांस ठाऊकच असते. खरा धोका वरणाच्या फोडणीत दडतो. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. सोया सॉसमध्येही गहू असतो. बुफेतील चमचे तर सर्वत्र फिरतात, आणि समोशांच्याच तेलात बटाटे तळले जातात. पोट दुखले नाही तरी एवढ्याशा ग्लुटेननेही आतड्याच्या अस्तराला इजा होते. म्हणून आरक्षण करतानाच लेखी कळवावे. जहाजावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटून, ही आवड नसून आजार आहे, असे स्पष्ट सांगावे आणि दुसऱ्या दिवसाचे जेवण वेगळ्या भांड्यात करवून घ्यावे. सोबत राजगिऱ्याचे लाडू असू द्यावेत. चिवडा नेणार असाल, तर घरातली हिंगाची डबी आधी वाचावी.