ज्याला हाक मारता येत नाही

हृदयविकाराचा विभाग म्हटला की आपला आवाज आपोआप खाली येतो. कान-नाक-घसा विभागाचा मात्र कुणाला धाक वाटत नाही. कानात मळ झाला, नाक चोंदलं, घसा बसला, ही काय दुखणी झाली, असा आपला समज. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात या विभागासमोरच्या बाकावर तासभर बसावे, म्हणजे हा समज टिकत नाही. येथे येणाऱ्यांत कुणाला ऐकू येत नाही, कुणाला बोलता येत नाही, कुणी अजून वर्षाचाही झालेला नसतो. दुखणे सांगायची जी साधने, तीच अडलेली. म्हणून न सांगितलेले ओळखणे हेच येथल्या माणसांचे मोठे काम.

सकाळी केसपेपरांची रास पडते. तेवढ्यात एक आई पोराला कडेवर घेऊन येते. पोराने कानात वाटाणा घातलेला असतो. अशा वेळी डॉक्टरांच्या आधी पुढे होतात ते मामा नाही तर मावशी. वॉर्डबॉयला मामा आणि आयाबाईंना मावशी म्हणायची आपल्याकडच्या रुग्णालयांतली रीतच आहे. पोराला चादरीत गुंडाळून आईच्या मांडीवर बसवायचे, त्याचे पाय तिच्या गुडघ्यांत, आणि कपाळावर मामांचा हात. ते डोके हलले तर डॉक्टरांच्या हातातली बारीक आकडी पडद्याला लागेल. पहिल्या प्रयत्नात दाणा निघाला तर बरे. एकदा पोर बिथरले की पुष्कळदा भूल द्यावी लागते. घरी कुणी कानात पाणी ओतलेले असले तर दाणा फुगून घट्ट बसतो. घड्याळात किंवा खेळण्यात असतो तो चपटा सेल नाकात गेला असेल, तर काही तासांतच आतला भाग भाजून निघतो. त्या पोराला रांगेत बसवीत नाहीत.

शेंगदाण्याची गोष्ट याहून कठीण. तो श्वासनलिकेत गेला की एक्स-रे फोटोत दिसत नाही. मग डॉक्टर आईला पुनःपुन्हा एकच विचारतात, ‘खोकला अचानक सुरू झाला तेव्हा बाळाच्या तोंडात काय होतं?’ त्या उत्तरावर पुष्कळदा रात्रीची शस्त्रक्रिया ठरते. भूल देणारे आणि दाणा काढणारे, दोघांनाही जायला वाट एकच, ती एवढीशी श्वासनलिका. इतर शस्त्रक्रियांत दोघांच्या जागा वेगळ्या असतात. येथे दोघांनाही एकमेकांचा हात ओळखूनच काम करावे लागते.

आता शेजारच्या बंद खोलीत चला. ही आवाज न शिरणारी खोली. येथे श्रवणतज्ज्ञ बसतात. रुग्णाच्या कानांवर यंत्र चढवून निरनिराळ्या पट्टीचे सूर हळूहळू बारीक करीत ऐकवायचे, आणि ऐकू आले की त्याने बटण दाबायचे. ऐकायला सोपे वाटते, नाही का? पण म्हातारा माणूस हुशार असतो. तो सूर ऐकत नाही, तपासणाऱ्याचा हात कधी हलतो ते पाहतो. म्हणून आपला हात आणि चेहरा दिसू न देण्याची कलाही शिकावी लागते. एखादा दाखल्यासाठी बहिरेपण वाढवून सांगतो. ते ओळखण्याच्या चाचण्याही आहेत.

तान्ह्या बाळाला तर काहीच विचारता येत नाही. निरोगी कान आवाज ऐकल्यावर स्वतःही अगदी बारीक ध्वनी बाहेर टाकतो. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ डेव्हिड केंप यांनी १९७८ साली हे दाखवून दिले. झोपलेल्या बाळाच्या कानात लहानशी नळी बसवून तो ध्वनी टिपतात. त्यापुढची, मेंदूपर्यंत आवाज पोचतो की नाही याची तपासणी लांबते, आणि बाळ झोपलेलेच हवे. मग मांडी हलवीत बसलेली आई, दिवा मालवून थांबलेले श्रवणतज्ज्ञ, आणि दाराशी ‘बोलू नका’ म्हणून खुणावणाऱ्या मावशी! हा खटाटोप का? तर जन्मतःचे बहिरेपण तीन महिन्यांच्या आत ठरावे आणि सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू व्हावेत, असा नियम सांगितला जातो. ‘आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात’ म्हणून घरात वाट पाहत राहिले, तर भाषा शिकायचे वय निसटून जाते.

शिक्षकमंडळींची आणि या विभागाची ओळख घशामुळे. रोज ओरडून शिकवले की स्वरतंतूंवर गाठी येतात. (घशातले स्वरतंतू आरशाने पाहण्याची युक्ती १८५४ साली मॅन्युएल गार्सिया यांना सुचली, तेही गायनाचे शिक्षकच होते.) उपाय म्हणजे आवाजाला विश्रांती आणि वाचा-उपचारतज्ज्ञांकडे नव्याने बोलायला शिकणे. आम्हां मास्तरांना गप्प बसवणे हे त्यांचे सर्वांत अवघड काम असावे.

वॉर्डातली कामगिरी परिचारिकांची. २०२१ साली करोनापाठोपाठ काळी बुरशी आली, तेव्हा रुग्णाच्या श्वासापासून वीतभर अंतरावर यांना काम करावे लागले. पण एरवीही येथे रात्र सोपी नसते. तंबाखूने झालेल्या घशाच्या कर्करोगासाठी किंवा श्वास अडल्यामुळे ज्याच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली असते, त्याचा श्वास स्वरयंत्राच्या खालूनच बाहेर पडतो. आवाज नाही. नळीत कफ सुकला तर त्याचा जीव गुदमरतो, आणि ‘सिस्टर’ म्हणून हाक मारता येत नाही. म्हणून उशाशी घंटी आणि पाटी ठेवतात. लिहिता न येणारा खाटेच्या लोखंडावर चमचा वाजवतो. सिस्टर मात्र त्याची वाट पाहत नाहीत. श्वासाची घरघर बदलली की कुठे असतील तेथून उठतात. कफ ओढून घेण्याची बारीक नळी पंधरा सेकंदांहून जास्त आत ठेवायची नसते. घड्याळ कोण बघणार? जुन्या परिचारिका नव्या मुलींना शिकवतात, नळी आत घालताना आपलाही श्वास रोखायचा. आपल्याला कासावीस व्हायच्या आधी बाहेर काढायची.

आणि घरी सोडण्याआधी हे सारे रुग्णाच्या बायकोला किंवा मुलाला शिकवतात. आतली नळी काढणे, धुणे, उकळणे, परत बसवणे. बाईचे हात पहिल्या दिवशी थरथरतात. सिस्टर शेजारी उभ्या राहतात, हात लावीत नाहीत. दोन-तीन दिवस तिने स्वतःच्या हाताने नीट केले, की मग घरी जाण्याचा कागद तयार होतो.