सामुदायिक व्यायाम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मैदानावरचे सामूहिक वर्ग, चालण्याचे गट, बागेतली खुली व्यायामशाळा हे सामुदायिक व्यायामाचे नेहमीचे प्रकार. त्यांचा परिणाम पाहताना दोन गोष्टी तपासतात: लोकांची हालचाल किती वाढली आणि ताकद, दम व तोल किती सुधारला.

गैरसमज: उपक्रम सुरू झाला की सारे गाव व्यायामाला लागते.

वस्तुस्थिती: गावभर किंवा शहरभर राबवलेल्या मोहिमांच्या 33 अभ्यासांचा, वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण लोकसंख्येची हालचाल वाढते, असे त्यातून ठामपणे दिसले नाही. लाभ मुख्यतः नियमित येणाऱ्यांना होतो.

गैरसमज: साधने बसवली की काम झाले.

वस्तुस्थिती: शिकवणारा माणूस आणि ठरलेली वेळही लागते. ब्राझीलमधील रेसिफे शहराने 2002 मध्ये उद्याने व चौकांत प्रशिक्षकांचे मोफत वर्ग सुरू केले. तिथे येणारे लोक फावल्या वेळात इतरांपेक्षा अधिक सक्रिय आढळले. अर्थात, मुळातच उत्साही माणसे अशा वर्गांकडे जास्त वळतात, हेही लक्षात घ्यावे लागते. 2011 मध्ये ब्राझील सरकारने अशा उपक्रमांच्या धर्तीवर देशव्यापी योजना आणली.

गैरसमज: उतारवयात चालणे पुरे; वजने झेपत नाहीत.

वस्तुस्थिती: अमेरिकेत 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी देखरेखीखाली 8 आठवडे वजनांचा व्यायाम केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. पडण्याचा धोका कमी करायला तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार व्यायामामुळे ज्येष्ठांचे पडण्याचे प्रमाण 23 टक्क्यांनी घटते. नुसत्या चालण्याने ते घटते का, हे मात्र स्पष्ट झालेले नाही.

गैरसमज: वजन उतरले नाही, म्हणजे मेहनत वाया गेली.

वस्तुस्थिती: वजन आहारावरही अवलंबून असते. काटा हलला नाही तरी दम आणि ताकद वाढू शकते. ती तपासायला साधी खुर्ची पुरते: हात छातीवर घडी घालून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येते, ते मोजायचे. 6 मिनिटांत चाललेले अंतर मोजले की दमाचा अंदाज येतो.

गैरसमज: वर्गाला हजेरी लावली की आठवड्याचा व्यायाम झाला.

वस्तुस्थिती: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान 2 दिवस स्नायूंचे व्यायाम हवेत. 45 मिनिटांचे 3 वर्ग म्हणजे 135 मिनिटे. उरलेली भर जिने चढून, बाजारात पायी जाऊन घालता येते. सलग 10 मिनिटांची जुनी अट आता राहिलेली नाही.