पानी म्हणा की पाणी, पण तारीख नक्की सांगा

"सर, माझी भाषा गावाकडची. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कस्टमरशी बोलू कसं?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. आणि भीती खोटी नाहीये. "पानी" म्हणणाऱ्याकडे काही लोक कसे बघतात, ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

हे फक्त आपल्याकडे आहे असं समजू नका. 1962 साली विल्यम लबॉव्ह नावाचा भाषेचा अभ्यासक न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत फिरला. सॅक्स महागडं, मेसीज मधलं, क्लाइन स्वस्त. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी बघून ठेवायचं आणि सेल्समनला विचारायचं, "हा माल कुठे आहे?" उत्तर ठरलेलं, "फोर्थ फ्लोअर." तो ऐकत होता फक्त "र". कारण तिथे "र" गिळणं साधेपणाचं आणि स्पष्ट म्हणणं प्रतिष्ठेचं मानलं जाई. सॅक्समध्ये 62 टक्के लोकांच्या बोलण्यात तो "र" सापडला, मेसीजमध्ये 51, क्लाइनमध्ये फक्त 20. म्हणजे नुसत्या बोलण्यावरून दुकानाचा दर्जा कळत होता!

पण पुढची गंमत बघा. लबॉव्ह ऐकू न आल्यासारखं करून परत विचारायचा. दुसऱ्यांदा सांगताना तो "र" जास्त वेळा यायचा. म्हणजे सावकाश, लक्ष देऊन बोललं की बोलणं आपोआप बदलतं. त्यासाठी वेगळा माणूस बनावं लागत नाही.

म्हणून उच्चार सुधारायच्या क्लासला पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. "सैराट" 2016 साली सगळ्या महाराष्ट्राने सोलापूरकडच्या बोलीतच डोक्यावर घेतला. (हां, तिथे लोक तिकीट काढून आले होते, तुमच्याकडे कोटेशन मागायला येतात. एवढा फरक आहेच.)

ऑर्डर खरी जाते ती शब्दांमुळे. समजा तुमचं फॅब्रिकेशनचं काम आहे. कस्टमर विचारतो, "गेट कधी मिळेल?" तुम्ही एकदम शुद्ध मराठीत म्हणता, "होऊन जाईल हो, टेन्शन नका घेऊ." झालं, त्याचं टेन्शन तिथेच सुरू! आता हे ऐका: "माप आज घेतो. शुक्रवारी सांच्याला गेट बशिवतो. कलर शनिवारी. निम्मा ॲडव्हान्स आज द्या." बोली गावाकडची, पण माणूस पक्का वाटतो की नाही? "बघू", "करून टाकू", "ॲडजस्ट करू" हे तीन शब्द धंद्याच्या फोनवरून काढून टाका. त्या जागी वार, वेळ आणि रक्कम येऊ द्या.

रक्कम मात्र दोनदा सांगा. फोनवर "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" सारखंच ऐकू येतं. "पंधरा हजार, एक-पाच" असं फोडून सांगा आणि लगेच मेसेज टाका.

शब्द कस्टमरचा वापरा. डबा पुरवणाऱ्या ताईंनी पुण्यात "पोळी" लिहिलं तर सरळ आहे, पण बऱ्याच भागांत रोजची ती चपाती, आणि पोळी म्हटलं की पुरणपोळी डोळ्यांसमोर येते. डबा उघडल्यावर तोंड पडायला नको.

अरे-तुरेचंही तसंच. तुमच्या गावात "ये, बस" म्हणणं मायेचं असेल, पण अनोळखी गिऱ्हाइकाला पहिल्या कॉलपासून "तुम्ही"च. तो वयाने लहान असला तरी. आणि "ॲक्च्युअली, बेसिकली" पेरून इंग्रजीचा आव आणू नका. कस्टमरने इंग्रजीत एक उलट प्रश्न विचारला की सगळं उघडं पडतं.

आज एक काम करा. नेहमीच्या गिऱ्हाइकाला दर सांगता तसा मिनिटभराचा व्हॉइस मेसेज स्वतःलाच पाठवा आणि रात्री निवांत ऐका. किती वेळा "बघू" म्हणालात ते मोजा. उच्चार सोडून द्या. वार, वेळ, रक्कम तिन्ही सापडेपर्यंत तोच मेसेज परत रेकॉर्ड करा.