हरण्याची हौस

सुमारें तीस वर्षांपूर्वीं निन्टेंडोच्या यंत्राची एक स्वस्त नक्कल आमच्या घरीं आली. तिच्यावर आम्ही जो पहिला खेळ खेळलों, तो १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. आठ प्रदेश, प्रत्येकाच्या शेवटीं किल्ला. राक्षसास चुकवून पूल तोडावा, तों समोर एक सेवक उभा. राजकन्या म्हणे दुसऱ्याच किल्ल्यांत! सात वेळां हा निरोप ऐकावा, तेव्हां आठव्या किल्ल्यांत ती भेटावयाची. खेळ मध्येंच राखून ठेवण्याची सोय नाहीं. आठव्या प्रदेशांत असतां वीज गेली, त्या रात्रीं आमचा धाकटा भाऊ जेवला नाहीं.

तरी त्या खेळावर राग धरवत नाहीं. खड्डा दिसत होता. उडी आमचीच चुकली. १९८६ सालीं जपानांत निघालेला त्याचा दुसरा भाग मात्र आम्हांस मानवला नाहीं. त्यांत विषारी अळंबीं आहेत, आणि कांहीं गुप्त वाटा तर खेळणारास मागेंच लोटतात! ह्यास कठीणपणा म्हणावें कीं खोडसाळपणा?

मॉस्कोंत १९८४ सालीं आलेक्सी पाजित्नोव्ह यांनीं रचलेल्या ‘टेट्रिस’मध्यें असें कपट नाहीं. चार चौकोनांचे सात तऱ्हेचे तुकडे वरून पडतात. भरलेली ओळ नाहींशी होते, चुका तेवढ्या सांचत जातात. मारिओकडे ढुंकून न पाहणाऱ्या आमच्या मातोश्रींस मोबाइलवर ह्याच खेळाचा नाद लागला आहे. परवां रात्रीं हाक आली, “अरे, ती लांब काठी कांहीं येईना रे!” धाकटा भाऊ चष्मा शोधीत धांवला.